इकडचा रकाना

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आमच्या खर्चाच्या पत्रकावर लाल पेन्सिलीने एकच रेघ मारली. २०२४च्या दिवाळीत आम्ही सांगलीला होतो. जेवणं आटोपली होती, मुलं गच्चीवर फुलबाज्या लावत होती, चकलीच्या तळणीचा वास घरातून अजून हटला नव्हता. नवऱ्याने बॅगेतून तो छापलेला कागद काढून टेबलावर उलगडला. चौघांनी कॅनडाला, अल्बर्टातल्या कॅल्गरीला जायचं, त्याचा सगळा हिशेब त्यावर होता. बाबांची उभी नोकरी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात गेली. असा कागद ते वरून खाली वाचत नाहीत. आधी बेरीज तपासतात, मग एकेका ओळीकडे वळतात. बेरीज जुळली. मग त्यांची पेन्सिल खालून तिसऱ्या ओळीवर येऊन थांबली. 'आकस्मिक खर्च, आजारपण: ३ लाख.' त्या ओळीच्या मधोमध त्यांनी एक उभी रेघ ओढली. एका बाजूला 'तिकडे' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'इकडे'. आकडा मात्र कुठेच घातला नाही. कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "हे दोन्ही एका ओळीत मावत नाही बघ," आणि फाटकाला कुलूप घालायला गेले.

ती रेघ तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

ते पत्रक आम्ही दोघांनी मिळून हळूहळू वाढवत आणलं होतं. मुलं झोपली की लॅपटॉप उघडायचा, एखादी ओळ घालायची, एखादी खोडायची. इंग्रजीच्या परीक्षेचे माणशी सुमारे १७ हजार. शिवाजी विद्यापीठातून मोहोरबंद पाकिटात जाणारी गुणपत्रकं आणि पदव्यांची तिकडे होणारी पडताळणी. पोलिसांचा दाखला, मुलांचे पासपोर्ट, त्यांनी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यायची तपासणी. अर्जाची फी तेव्हा मोठ्या माणसाला ९५० डॉलर, त्यावर कायम वास्तव्याच्या हक्काचे ५७५, मुलांचे प्रत्येकी २६०, बोटांच्या ठशांचे सगळ्या घराचे मिळून १७०. सगळं मिळून ३,७४० कॅनेडियन डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सव्वादोन लाखांच्या वर. मग तिकिटं. मग तिथले पहिले सहा महिने पगार नाही असं धरून घरभाडं, किराणा, मुलांचे बर्फातले बूट आणि जाड कोट, जुनी गाडी आणि तिचा विमा. माझीही एक ओळ होती. मी फार्मासिस्ट आहे. तिथे माझी पदवी जशीच्या तशी चालत नाही. आधी कागदपत्रांची छाननी, मग मूल्यमापनाची परीक्षा, मग पात्रता परीक्षेचे दोन भाग, त्यानंतर प्रांताचा परवाना. तोवर दुकानात मदतनीस म्हणून उभं राहता येईल. नवरा म्हणाला, तुझ्या परीक्षांचे पैसे पहिल्या वर्षातच बाजूला काढू, नाहीतर ते मागे पडतात आणि मागेच राहतात. पत्रकातली ती ओळ मला सगळ्यात आवडते.

का जायचं, याचं उत्तर एका वाक्यात सांगता येत नाही आणि सांगू नये असं मला वाटतं. पुण्यात कामावरून निघून संध्याकाळी वाकडला घरी पोचायला लागणारा वेळ. रात्री अकराला वाजणारा नवऱ्याच्या कामाचा फोन. थोरलीला होणारा दमा आणि घरासमोर कायम चालू असलेलं बांधकाम. यातलं प्रत्येक कारण खरं आहे. पण यातलं एकही नसतं तरी जावंसं वाटलं असतं, हेही खरं आहे. आपण एका ठिकाणी वाढलो, शिकलो, तिथेच पन्नाशी गाठणार, त्याआधी एकदा वेगळ्या आकाशाखाली राहून पाहावं, मुलांना दोन जग माहीत असावीत, ही ओढ मला लहानपणापासून आहे. ती ओढ आणि सांगलीचं ते घर, दोन्ही माझीच आहेत. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

कायम वास्तव्याच्या अर्जांना गुण देण्याची कॅनडाची पद्धत आता आपल्याकडे घराघरांत पाठ आहे, त्यामुळे तिचं पुराण लावत नाही. एकूण १२०० गुण, शिक्षणाचे इतके, अनुभवाचे इतके. माझ्यासारख्या जोडीदाराच्या इंग्रजीचे फार तर २०. वयाचे गुण तिशीपासून घसरू लागतात. लग्न झालेल्या अर्जदाराला सदतीस पूर्ण झाल्यावर ६०, अडतीस पूर्ण झाल्यावर ५५, आणि चाळिशी ओलांडली की घसरण दुपटीने. नवऱ्याला अडतिसावं लागलं त्या दिवशी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पुरणपोळ्या केल्या होत्या. औक्षणाला बसताना त्याने मोबाइलवर गुण पाहिले आणि काही न बोलता फोन पालथा ठेवला. फ्रेंच चांगलं येत असेल तर ५०पर्यंत जास्तीचे गुण मिळतात. सख्खा भाऊ किंवा बहीण तिकडे स्थायिक असेल तर १५. माझे धाकटे दीर २०१८पासून कॅल्गरीत आहेत, त्यामुळे ते १५ आम्हाला मिळाले. अल्बर्टा प्रांताने आमचं नाव पुढे केलं, त्या नामांकनालाही भाऊ तिथे असल्याचा हातभार लागला, आणि नामांकनाचे ६०० आल्यावर पुढचं सगळं सुकर झालं.

त्या रात्री, बाबा कुलूप घालून आत आल्यावर, माझ्या डोळ्यांपुढे तो गुणांचा तक्ता आला. तिकडे असलेल्या भावाचे १५. इकडे असलेल्या आई-वडिलांचं काही नाही. असावं असंही नाही. कुठल्याही देशाने येणाऱ्याला विचारायचं ते तो आपल्या काय कामाचा आहे एवढंच, ते त्यांचं रास्त आहे. पण माणसाचं आयुष्य दोन भावंडांमध्ये असतं तसं दोन पिढ्यांमध्येही असतं. दोन मुलगे. एक आधीच गेलेला, आता दुसरा. तो तक्ता भरताना जो भाऊ आमच्या जमेला आला, तोच या घराच्या हिशेबात आधीपासून नावे पडलेला होता.

नंतर पैशांचा पुरावा द्यायची वेळ आली. २०२४ सालच्या नियमाने चौघांच्या कुटुंबाला २७,२९७ डॉलर दाखवायचे होते, साधारण साडेसोळा लाख. पैसे रोख किंवा लगेच मोडता येतील असे हवेत, कर्जाऊ नकोत. बँकेच्या पत्रात आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी, खातं उघडल्याची तारीख आणि डोक्यावरची कर्जं, सगळं यायला हवं. ज्याचे हप्ते भरता भरता आमची दहा-बारा वर्षं गेली, तो वाकडचा फ्लॅट या हिशेबात शून्य. प्रॉव्हिडंट फंडाचे सगळे पैसे नोकरी सुटल्याशिवाय हातात येत नाहीत. आमची रक्कम जवळ जवळ जमत आली होती. बाबांनी फोनवर विचारलं, "किती कमी पडतंय?" नवऱ्याने सांगितलं, सहा. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःची मुदत ठेव मोडली. ग्रॅच्युइटीची होती. व्याजात थोडी खोट गेली, ती त्यांनी आम्हाला सांगितली नाही, बँकेच्या पावतीवरून कळली.

असे एकदम मोठे पैसे खात्यात आले की त्याचं मूळ दाखवावं लागतं, म्हणून बक्षीसपत्र करायचं ठरलं. शंभराचा मुद्रांक तेव्हा नुकताच बंद होऊन पाचशेचा आला होता. वकिलाने मजकूर टाइप करून आणला. ही रक्कम मी माझ्या मुलास प्रेमापोटी व स्वखुशीने देत असून ती परत मिळण्याची माझी कोणतीही अपेक्षा नाही. बाबांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. म्हणाले, "पोराला दिलेलं कोण परत मागतंय? हे लिहून कशाला पायजे?" वकील म्हणाले, काका, तिकडच्या लोकांना लिहून लागतं. मग बाबांनी सही केली, कारखान्यात चेकवर करायचे तशी, नावाखाली ठसठशीत रेघ देऊन. साक्षीदार म्हणून शेजारच्या काकांनी सही केली. आई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "झालं ना मनासारखं? आता चहा टाकतो." आमच्या भागात बायकाही असंच बोलतात, करतो, येतो, टाकतो. मला तो चहा गोड लागला आणि घशाखाली उतरेना, दोन्ही एकाच वेळी.

अपेक्षा नाही, असं वडिलांकडून लिहून घेणं ही साधी कागदाची अट होती हे मला समजतं. तरी त्या वाक्याखाली त्यांची सही पाहिल्यावर मला वाटलं की पैसे परत करायचे नसतील, पण दुसरं काहीतरी आहे जे आपण देणं लागतो, आणि ते कुणी लिहून घेतलेलं नाही.

या घराला दूर जाणं नवीन नाही, हे मला लग्नानंतर कळलं. बाबांचं मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याच्या पलीकडे घाटमाथ्यावर. आता तिथे टेंभू योजनेचं पाणी आलं आहे, द्राक्षं दिसतात. पण बाबांच्या लहानपणी तिथलं कुसळ सुद्धा पावसाची वाट पाहायचं. त्या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात गेली आणि देशभर पांगली. केरळ, तमिळनाडू, बंगाल, दिल्ली, जिथे सराफ पेठ असेल तिथे खानापूर-आटपाडीकडचा माणूस जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देत बसलेला सापडतो. भट्टी, मूस, तेजाबाची वाफ. सोनाराच्या दुकानातला केर धुऊन त्यातून सोन्याचा कण काढायचा. १९७२च्या दुष्काळात गावात खडी फोडायची कामं निघाली होती आणि सुकडी वाटली जात होती, त्या साली बाबांचे थोरले भाऊ गावच्या एका शेटबरोबर त्रिशूरला गेले. मिसरूड फुटलेलं नव्हतं. आजींनी हातातल्या पाटल्या गहाण टाकून त्यांच्या भाड्याचे आणि दोन जोड कपड्यांचे पैसे उभे केले.

ते अण्णा मी पाहिले आहेत. शेवटी शेवटी मल्याळममध्ये आकडे मोजायचे आणि जेवताना भाकरीच मागायचे. मी त्यांना एकदा विचारलं होतं, तेव्हा घर सोडताना काय काय बरोबर घेतलं होतं? त्यांना सामान आठवेना. आठवली ती व्यवस्था. गावाकडे दर महिन्याला मनीऑर्डर जायची आणि तिचे तीन भाग ठरलेले असायचे, घरखर्च, पाटल्या सोडवायचे पैसे, आणि आईच्या दवापाण्याचे. दवापाण्याचे पैसे कुणी घरात ठेवत नसे. ते गावातल्या वाण्याकडे जमा. आजी आजारी पडली की वाण्याने बैलगाडी जुंपायची, विट्याला डॉक्टरकडे न्यायचं आणि मग त्रिशूरला पत्र टाकायचं. पत्र पोचेपर्यंत आजी बरी होऊन कामाला लागलेली असायची. आधी माणूस उभा करायचा, मग निरोप द्यायचा, हा क्रम ठरवून घेतलेला होता. अण्णांच्या पिढीला कुणी इमिग्रेशन सल्लागार नव्हता, पण मागे राहणाऱ्यांची तजवीज कशी करायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला वाटतं बाबांच्या पेन्सिलीला ती ओळ तिथूनच दिसली.

मध्ये दागिन्यांचं काम निघालं. नव्याने स्थायिक होणाऱ्याने तिकडे उतरताना बरोबरच्या आणि मागून येणाऱ्या सामानाची यादी द्यायची असते. दागिने असतील तर वर्णन, किंमत आणि फोटो. माझे फारसे नाहीत. पण आईंनी कपाटातून डबा काढला आणि त्यांची ठुशी आणि पुतळ्यांची माळ थोरलीसाठी म्हणून माझ्या यादीत घातली. मी नको म्हणून पाहिलं. "माझ्या गळ्यात आता कोण बघतंय? तिच्या लग्नात तिला घाल," म्हणाल्या. गच्चीवर सकाळच्या उन्हात पांढरं धोतर अंथरलं, शेजारी पट्टी ठेवली आणि मी एकेका दागिन्याचा फोटो काढला. माळेतल्या एका पुतळीची कडा झिजलेली आहे. आईंनी ती बोटाने दाखवली आणि सांगितलं की ही पुतळी अण्णांनी त्रिशूरहून आणलेल्या सोन्याची, बाकीच्या त्यांच्या माहेरच्या. सराफाने किमतीचा दाखला दिला, त्यात वजन आणि भाव आला. आईंनी डबा परत कपाटात ठेवला तेव्हा त्यात मंगळसूत्राची वाटी आणि दोन चांदीची जोडवी एवढंच उरलं होतं.

मी त्या दिवशी नवऱ्याशी भांडले. दागिन्यांवरून नव्हे, आपण काय काय घेऊन चाललो आहोत यावरून. तो म्हणाला, त्यांनी दिलेलं नाकारलं तर त्यांना जास्त लागेल. त्याचं खरं आहे. आणि तरीही माझं खोटं नाही.

लोक म्हणतात, पुण्यात असतानाही तुम्ही कुठे रोज जवळ होतात? ऑगस्ट २०१९चा पूर मला त्यावर आठवतो. कृष्णा चढत होती, आयर्विन पुलावरची पातळी टीव्हीवर तासातासाला सांगत होते. आम्ही गाडी काढून निघालो आणि इस्लामपूरच्या पुढे जाताच आलं नाही. सगळीकडे रस्ते पाण्याखाली. सांगली तिथून डोळ्यांसमोर असल्यासारखी आणि तरी पोचणं अशक्य. कॅल्गरीहून दीर व्हिडिओ कॉलवर, त्यांच्याकडे मध्यरात्र, आमच्याकडे दुपार. दोघे भाऊ सारखेच हतबल होते, एक इतक्या जवळ आणि एक इतक्या लांब असून. आई-बाबांना होडीतून बाहेर काढलं ते गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी. बाबांनी येताना फक्त हिशेबाच्या वह्या आणि आईंच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घेतल्या होत्या. पाणी ओसरल्यावर आम्ही पोचलो, चिखल उपसला, भिंतींवरची पाण्याची रेघ पाहिली. तो चिखलाचा वास अजून माझ्या नाकात आहे. त्या पोरांपैकी एक आता रिक्षा चालवतो, एक मिरजेच्या दवाखान्यात वॉर्डबॉय आहे.

म्हणजे जवळ असणं हीच काही काळजी घेणं नव्हे. पण पूर ओसरल्यावर चिखल उपसायला आम्ही पोचलो होतो, हेही मला विसरता येत नाही.

मग मी 'इकडे'चा रकाना भरायला घेतला. पहिल्यांदा औषधं, कारण ते माझं काम. आईंचा रक्तदाब आणि थायरॉइड, बाबांची साखर. इतके दिवस दर महिन्याला मी पुण्याहून पट्ट्या घेऊन यायचे, सकाळ-दुपार-रात्रीचे खण भरायचे आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे. आता गल्लीच्या टोकाच्या औषध दुकानदारांशी बोलून ठेवलं आहे. त्यांच्याकडची मुलगी दर महिन्याला येऊन खण भरून देणार, तिला महिन्याचे ठरावीक पैसे. तिला मी दोन-तीनदा बरोबर बसवून दाखवलं. रिकाम्या पोटी कोणती, जेवणानंतर कोणती, कोणती गोळी मोडून अर्धी करायची नाही. ती हुशार आहे, प्रश्न विचारते. प्रश्न विचारणारं माणूस मिळालं याचं मला फार बरं वाटलं.

पुढे आरोग्य विमा, दोघांचा, वयामुळे हप्ता जड. मिरजेला तपासणीसाठी जायचं झालं तर तोच रिक्षावाला मुलगा. त्याला महिन्याची रक्कम आधी देऊन ठेवायची, प्रत्येक वेळी हिशेब नको. रात्री सोबतीला बाई ठेवावी असं मी सुचवलं, ते आईंनी साफ उडवून लावलं. "मी काय अंथरुणाला खिळलोय?" कॅमेऱ्याचं तर नावच काढू दिलं नाही. तो मुद्दा आम्ही सोडला. रकान्यातली ती जागा रिकामी आहे आणि ती रिकामीच ठेवायची असं ठरलं आहे, खोडायची नाही.

मग तिकिटं. अचानक यायचं झालं तर ऐन वेळचं तिकीट दुपटीचं असतं, आणि अशी वेळ सुट्ट्या बघून येत नाही. नवरा म्हणाला, दोघा भावांची दोन तिकिटं धरू. बाबा म्हणाले, धरायची तर सगळ्यांची धर. मी बाबांच्या बाजूने होते. आजोबांच्या शेवटच्या दिवसांत मी नववीत होते आणि परीक्षा आहे म्हणून मला नेलं नव्हतं. त्या परीक्षेत काय लिहिलं ते आज मला आठवत नाही. माझ्या मुलांच्या बाबतीत तो निर्णय पैशावरून व्हायला नको. शेवटी सहा लाखांची वेगळी मुदत ठेव केली, आम्ही तीन आणि दिरांनी तीन. ती इथल्याच बँकेत, आई-बाबांच्या नावावर, कारण वेळ आली तर पैसे ज्याच्या हाताशी माणूस आहे त्याच्या हाताशी हवेत. बक्षीसपत्राचा आकडाही सहाच होता. बाबांनी तो जुळलेला पाहिला असणार. ते बोलले नाहीत.

त्यांनी तिकडे येऊन राहावं हा पर्याय आम्ही शोधला नाही असं नाही. आई-वडिलांना कायमचं नेण्यासाठी प्रायोजकांची नावं २०२० साली नोंदवून घेतली होती आणि नंतरची वर्षं त्याच यादीतून निवड होत गेली. आमच्यासारख्या नव्याने जाणाऱ्यांना नाव घालायलाही जागा नाही. सुपर व्हिसा मिळू शकतो. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण निदान १ लाख डॉलरचा आरोग्य विमा आणि बोलावणाऱ्याचं ठरावीक उत्पन्न लागतं. दिरांचं उत्पन्न बसतं. बाबांना मी हे सगळं समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. "येऊ की," म्हणाले, "उन्हाळ्यात दोन महिने. तिकडं उणे तीसमध्ये तुझ्या सासूला कुठं फिरवू?" मग मला विचारलं, तिकडे घड्याळ किती मागे. मी म्हटलं, साडेअकरा तास, हिवाळ्यात साडेबारा. ते म्हणाले, मग बरंय, माझा सकाळचा चहा तो तुमच्या जेवणाचा वेळ. रोज तेवढा फोन करा, जास्त नको.

पैसे पाठवण्याचं कामही त्यांनीच मार्गी लावलं. एप्रिल २०२५पासून परदेशी पाठवायच्या रकमेवर दहा लाखांपुढे वीस टक्के कर आधी कापून घेतात. पुढे विवरणपत्रात परत मिळतो, पण ऐन निघायच्या वेळी पैसे अडकतात. मर्यादा माणशी असते. बाबांनी वहीत दोन खाती आखली, नवऱ्याच्या नावे इतके, माझ्या नावे इतके, दोन्ही दहाच्या आत. माझ्या नावाचा असा वेगळा रकाना या घरात पहिल्यांदा आखला गेला. तो त्यांनी सहज आखला याचं मला अप्रूप आहे. गावच्या जमिनीचंही बोलणं झालं. परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन नव्याने विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली ठेवता येते. एवढं ऐकल्यावर त्यांनी सातबाऱ्याची फाइल बंद केली.

आता २०२५चा जुलै चालू आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली तिकिटं आहेत, मुलांची शाळा तिकडे सप्टेंबरच्या तोंडावर सुरू होते म्हणून. यंदा गणपती २७ ऑगस्टला. दोन आठवड्यांसाठी चुकणार. माणशी २३ किलोच्या दोन बॅगा. गोडा मसाला, लोणच्याची बरणी, आईंनी शिवलेल्या दोन गोधड्या. धाकट्याने त्याच्या बॅगेत तालमीच्या पोरांनी दिलेला लेझीम घातला आहे आणि तो वजनात बसतो का हे दर दोन दिवसांनी विचारतो. बसतो.

गेल्या रविवारी थोरलीने आजोबांना विचारलं, गावच्या जत्रेला आम्ही येणार का? पुढच्या वर्षी चैत्र पौर्णिमा २ एप्रिलला आहे, जत्रा त्यानंतर लगेच. तिकडच्या शाळेला वसंताची सुट्टी मार्चअखेर आठवडाभर, म्हणजे दोन्हीचा मेळ बसत नाही. नवरा म्हणाला, शाळा बुडवून येऊ. बाबांनी मान हलवली. गलाईला गेलेलं माणूस पहिल्या वर्षी जत्रेला येत नसतं, म्हणाले. तिथं बस्तान बसू दे. पहिल्या वर्षी नुसती वर्गणी येते, दुसऱ्या वर्षी माणूस. अण्णांनीही तेच केलं होतं. थोरलीला ते पटलं नाही, ती रुसून बसली, मग आईंनी तिला पालखीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावायचं कबूल केलं.

वर्गणीची ओळ मी पत्रकात घातली आहे. दर चैत्रात दोन हजार, आणि दिरांचे वेगळे दोन हजार, कारण देवळाच्या वहीत आमची घरं दोन लागलेली आहेत आणि पुजाऱ्यांनी सांगितलं आहे की ती दोनच राहतील.